बॅगेतला दिवा

खंबाटकीला साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यावं लागतं. सायकलवाल्याला हा सौदा वरवर फायद्याचा वाटतो. पण घाटात निदान डोक्यावर आभाळ असतं. बोगद्यात मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून येतो आणि तो ट्रक नेमका किती मागे आहे, हे कानांना कळेनासं होतं. अशा जागी आपला सगळा भरवसा सीटखाली लुकलुकणाऱ्या एका लाल दिव्यावर असतो. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी त्या बोगद्याच्या अलीकडे थांबलो, बॅगेतून माझा लाल दिवा काढला, सीटखालच्या खोबणीत बसवला आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं, तळहातावर आपटून पाहिला. काही नाही.

आदल्याच रात्री तो पूर्ण चार्ज केला होता. पहाटे साडेचारला आम्ही तिघं स्वारगेटहून निघालो होतो. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जायचं, नदीत पाय सोडून बसायचं आणि अंधार दाट होण्याआधी निम्मी वाट तरी मागे टाकायची, असा बेत होता. शिरवळला फटफटलं. तिथे मिसळ खायला थांबलो आणि सवयीप्रमाणे सायकलवरचे दिवे काढून बॅगेत टाकले. बॅगेत पंप, पाना, दोन केळी आणि चिक्कीचं पाकीट. या मंडळींपैकी कुणीतरी वाटेतल्या एखाद्या खड्ड्यात दिव्याच्या बटणाला धक्का दिला असणार. मग खंबाटकी चढताना, वाईच्या बाजारातून जाताना, मेणवलीच्या वाड्यासमोर फोटो काढताना, दिवसभर, लख्ख उन्हात, माझ्याच पाठीवर तो दिवा इमानेइतबारे जळत राहिला. केळ्यांना आणि चिक्कीला त्याचा काय उपयोग झाला असेल तेवढाच.

बोगदा कसा पार केला ते थोडक्यात सांगतो. एक मित्र पुढे, मी मधे, आणि ज्याचा मागचा दिवा सगळ्यांत प्रखर होता तो मित्र माझ्या मागे, अगदी चिकटून. पुण्यापर्यंतचे पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर मी असाच उसन्या उजेडात आलो. मागच्याने एकदाही टोमणा मारला नाही. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

वडिलांच्या तरुणपणी पुण्यात बिनदिव्याची सायकल चालवणं म्हणजे पोलिसाच्या तावडीत सापडणं. डबलसीट आणि बिनदिवा हे त्या काळचे दोन मोठे गुन्हे. वडील सांगायचे, की हवालदारानं अडवलं की प्रत्येक जण म्हणे, “आत्ताच विझला हो, वाऱ्यानं.” हवालदार काही बोलायचा नाही. हात पुढे करून दिव्याच्या टोपणाला बोट लावायचा. टोपण गरम असलं तर माणूस खरा, गार असलं तर चाकातली हवा सोडलीच म्हणून समजा. त्या संध्याकाळी बोगद्यापाशी मी माझ्या दिव्याला हात लावला, तेव्हा तो गार होता. म्हणजे दुपारीच कधीतरी मावळला असावा. हवालदाराच्या कायद्याप्रमाणे मी गुन्हेगारच ठरलो असतो, आणि “दिवसभर जळत होता हो” या माझ्या खुलाशावर त्यानं विश्वास ठेवला नसता.

मग प्रश्न पडतो, की दिवा काढावाच कशाला? तर चोरी होते म्हणून. अमृततुल्यपुढे उभ्या सायकलचा दिवा चहा संपेपर्यंत जागेवर राहील, याची खात्री कुणी देत नाही. म्हणून दिवा एका रबरी पट्ट्यानं किंवा खोबणीनं बसणारा, बोटानं सुटणारा झाला. सुटणारा झाला म्हणून तो खिशात, बॅगेत, पर्समध्ये राहू लागला. सायकलला नटबोल्टनं घट्ट बसलेल्या दिव्याला हे दुखणंच नव्हतं. ज्याला चोर घाबरत नाही त्याला चिक्कीचं पाकीटही घाबरत नाही.

जुन्या दिव्यांची गोष्ट वेगळी होती. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या सायकली पाहताना मला कार्बाइडच्या दिव्यांची आठवण होते. त्या दिव्यात खालच्या डबीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि वरच्या डबीत पाणी. चावी थोडी सोडली की थेंब थेंब पाणी खड्यांवर पडायचं, अ‍ॅसिटिलीन वायू तयार व्हायचा, आणि काडी ओढली की पांढरीशुभ्र ज्योत. लसणासारखा एक वास त्याच्यासोबत यायचा. हा दिवा चुकून लागायचा तर चुकून पाणी सुटायला हवं, चुकून काडी ओढली जायला हवी आणि तीही नेमकी ज्योतीच्या तोंडाशी. इतक्या चुका एका वेळी कोण करणार?

पुढे डायनॅमो आला. टायरला घासणारी ती बाटली अजून पुष्कळांच्या कानात असेल. सहा व्होल्ट, तीन वॅट. पुढच्या बल्बला २.४ आणि मागच्याला ०.६. डायनॅमो टायरवर टेकवला की घर्रर्र आवाज सुरू व्हायचा आणि पायडल जड व्हायचं. उजेडाची किंमत पोटऱ्यांतून रोख वसूल व्हायची. सायकल थांबली की दिवा बंद, चढावर वेग पडला की दिवा मिणमिणता. लोक त्याला नावं ठेवायचे, मीही ठेवलीत. पण चाक फिरल्याशिवाय पेटायचं नाही हा त्याचा स्वभाव होता, आणि कुणाच्या बॅगेत चाक फिरत नाही. जर्मनीच्या कायद्यानं बहुतेक सायकलींवर डायनॅमोचाच दिवा असण्याचा आग्रह २०१३ सालापर्यंत धरून ठेवला होता. बॅटरीवरच्या दिव्याला परवानगी त्या वर्षी मिळाली. आधी मला तो जर्मन हट्ट वाटायचा. आता त्यात थोडा शहाणपणा दिसतो.

आमच्या आजोबांकडे पत्र्याचा दोन सेलचा टॉर्च होता. गावाला जाताना तो ट्रंकेत किंवा होल्डॉलमध्ये ठेवायच्या आधी ते मागचं झाकण फिरवून उघडत आणि एक सेल उलटा घालत. लहानपणी मला वाटायचं, हा काहीतरी शकुनाचा प्रकार असेल. पुढे शाळेत वीज शिकलो तेव्हा उलगडा झाला. दीड व्होल्टचे दोन सेल एकमेकांसमोर उभे ठाकले की बेरजेची वजाबाकी होते. ट्रंकेत बटण सरकलं तरी बल्बपर्यंत जवळपास काहीच पोचत नाही. एकदा एसटीत बसण्याच्या घाईत हे काम माझ्याकडे आलं आणि मी जास्त शहाणपणा करून दोन्ही सेल उलटे घातले. गावी पोचलो तर ट्रंकेतल्या धोतरांच्या घडीत पिवळा उजेड. तारेच्या बल्बला वीज कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं. दोन्ही उलटे म्हणजे पुन्हा सरळच. आजोबा रागावले नाहीत. “एकच उलटा, रे,” एवढंच म्हणाले. आजचा एलईडीचा टॉर्च असता तर माझी चूक खपून गेली असती, कारण एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. तीन सेलच्या टॉर्चला मात्र हा उपाय करू नये. दोघं मिळून तिसऱ्याला उलट्या बाजूनं रेटतात आणि तो फुगून गळायला लागतो.

आजोबांचा उपाय मला सायकलच्या दिव्याला करता आला नाही, कारण त्याला उघडायला झाकणच नाही. आत चपटी लिथियमची बॅटरी कायमची बसवलेली, बाहेर यूएसबीचं भोक आणि त्यावर रबरी बूच. पाणी आत जाऊ नये म्हणून सगळं सीलबंद. शिवाय ते बटण खऱ्या अर्थानं बटण नाहीच. जुन्या टॉर्चची सरकती खिटी तांब्याच्या पट्टीला पट्टी टेकवायची. ती मागे ओढली की वीज तुटली. इथे रबराखाली एक इवलासा स्पर्श असतो. तो आतल्या चिपला सांगतो, की बुवा, कुणीतरी दाबलंय. दिवा लावायचा की नाही हे चिप ठरवते. आपण बटण दाबतो म्हणजे फक्त अर्ज करतो. आणि अर्ज बोटानं केला की केळ्यानं, हे चिपला कळत नाही.

मग बनवणारे वेगवेगळ्या युक्त्या करतात. त्या घटनेनंतर दोन-तीन वर्षांत मी चार दिवे वापरले, त्यावरून माझी काही मतं झाली आहेत. सगळ्यांत जास्त दिसणारी युक्ती म्हणजे बटण दोन सेकंद दाबून धरायचं, मगच दिवा लागतो. दुकानात ही फार पटते. पण बॅगेत धक्का कमी आणि दाब जास्त असतो. गच्च भरलेल्या बॅगेत पंपाचं टोक बटणावर बसलं की ते दोन सेकंद काय, दोन तास बसून राहतं. म्हणजे ही युक्ती खिशात हात घालताना लागलेल्या बोटापासून वाचवते, पंपापासून नाही. दोनदा पटपट दाबायची युक्ती त्याच्या उलट आहे. पंप दोनदा टकटक करत नाही, पण आमच्या रस्त्यांवर तो तेही शिकतो. मला सर्वांत बरी वाटलेली युक्ती म्हणजे बटण कडेच्या पातळीच्या खाली, खड्ड्यात बसवलेलं असणं. त्याला बोटाचं टोकच हवं, सपाट वस्तू तिथे पोचत नाही. यात चिप नाही, नियम नाही, वाचायला पुस्तिका नाही. पण बहुतेक दिव्यांचं बटण असं असतं की जणू ते बाहेर येऊन आपल्याला हाक मारतंय. हातमोजे घातलेल्या बोटाला अंधारात चटकन सापडावं म्हणून ते उंच केलेलं असतं. हेतू चांगला आहे. पण अंधारात बोटाला जे चटकन सापडतं, ते उजेडात पंपालाही चटकन सापडतं.

आणखी एक युक्ती ट्रेकला जाणाऱ्यांच्या चांगल्या टॉर्चमध्ये असते, आणि ती मला मनापासून आवडते. मागचं टोपण पाव फेरा सैल केलं की टॉर्च बंद पडतो, बटण कितीही दाबा. कारण असं, की टॉर्चच्या अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅनोडायझिंग केलेलं असतं. आपल्या घरातल्या हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईवर असतो तसा धातूच्याच ऑक्साइडचा थर, आणि या थरातून वीज जात नाही. त्यामुळे आटे एकमेकांत अडकलेले असले तरी त्यांच्यातून वीज वाहत नाही. नळीची उघडी कड टोपणाला आतून टेकली तरच मंडल पूर्ण होतं. पाव फेऱ्यात ती टेक सुटते. यात एकही जादा भाग नाही, नुसत्या थराच्या गुणावर सगळं चाललंय.

या विचारात असताना मला काडेपेटी आठवली. जुन्या काड्या कुठेही घासल्या तरी पेटत, आणि म्हणून खिशातही पेटत. १८४४ साली स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी जी सुरक्षित काडी आणली, तिचा सगळा खुबीचा भाग एवढाच, की पेटण्याचं अर्धं सामान काडीच्या डोक्यावर आणि अर्धं, म्हणजे फॉस्फरस, पेटीच्या कडेला. दोन्ही अर्धी एकाच पेटीत, अंगाला अंग लावून प्रवास करतात, पण माणसाच्या हातानं एकमेकांवर ओढली गेल्याशिवाय पेटत नाहीत. सायकलच्या दिव्यात मला हेच हवं आहे. दिवा एकीकडे, खोबण दुसरीकडे; दिवा खोबणीत बसला तरच पेटावा. चोराच्या खिशात गेला तर तिथेही पेटू नये, हा वरचा फायदा.

आमच्या गल्लीतले सायकलवाले मामा मात्र अशा विचारात पडत नाहीत. मी त्यांना बोगद्याची हकीकत सांगितली. त्यांनी दिवा हातात घेऊन बटण चार वेळा दाबून पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, याला आळं करायला पाहिजे.” झाडाच्या बुंध्याभोवती पाणी थांबावं म्हणून करतात ते आळं. त्यांनी भंगारातल्या एका टायरचा जाड तुकडा कापला, मधोमध पोगरानं बटणाएवढं भोक पाडलं, दिव्याच्या पाठीवर पॉलिश पेपर मारला, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते वाळू दिलं आणि तुकडा चिकटवला. बटण आता विहिरीत बसलं. पैसे घेतले नाहीत. पंक्चर काढायला येतोच म्हणाले. हे आळं सात-आठ महिने टिकलं, मग उन्हानं सुटलं, मग त्यांनी पुन्हा लावलं. मधल्या काळात मी साबणाच्या प्रवासी डबीचाही प्रयोग केला. कडक प्लॅस्टिकच्या डबीत दिवा ठेवायचा आणि डबी बॅगेत. अगदी चोख उपाय. फक्त एकदा मी साबणाची डबी समजून ती घरीच ठेवून गेलो.

कुलूप जितकं पक्कं तितकं बरं, असंही वाटून घेऊ नये. माझ्याकडे एक पुढचा दिवा होता. त्याचं कुलूप उघडायला बटण चार वेळा ठरावीक तालात दाबावं लागे. घरात, कोरड्या हातांनी ते मस्त जमायचं. जुलैतल्या एका रात्री ताम्हिणीहून परतताना पाऊस आला, धुकं उतरलं, आणि मी रस्त्याच्या कडेला भिजलेल्या, बधिर बोटांनी तो ताल धरायचा प्रयत्न करत उभा. तीनदा दाबलं गेलं की पाचदा, हे मला कळेना आणि दिव्यालाही कळेना. शेवटी लागला, पण तोवर मी त्या कुलूप करणाऱ्याच्या सात पिढ्या आठवल्या होत्या. दिवा लागायला थोडी आडकाठी हवी. पण ती किती हवी, हे ठरवायचं तर ओलं बोट आणि काळोख यांना विचारून ठरवावं, दुकानातल्या टेबलावर नाही.

नुसता सेल उतरण्यापुरतंच हे असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पुढचे प्रखर दिवे बॅगेत लागले की तापतात. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि हे दिवे असे बनवलेले असतात की सायकल चालताना समोरून येणारा वारा त्यांना गार ठेवेल. बॅगेत वारा कुठला? चांगला दिवा तापल्यावर स्वतःहून मंद होतो. सगळेच होत नाहीत. माझ्या मित्राच्या नायलॉनच्या बॅगेवर एक चकाकणारा, वितळून पुन्हा थिजलेला गोल आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. विमानवाले या बाबतीत कडक आहेत ते म्हणूनच. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच घ्याव्या लागतात, आणि खाली टाकायच्या सामानातलं बॅटरीचं यंत्र पूर्ण बंद हवं, शिवाय ते चुकून सुरू होणार नाही अशी तजवीज हवी. पाणबुड्यांच्या प्रखर दिव्यांना तर बॅटरी किंवा तापणारा भाग वेगळा केल्याशिवाय आणि विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. हाच मित्र पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला निघाला होता. १२०० किलोमीटर, नव्वद तास, चार वर्षांतून एकदा. विमानतळावर त्यानं दिवे पुसून, बटणांवर बाटलीची टोपणं चिकटपट्टीनं बसवून, हातातल्या बॅगेत घेतले होते. तपासणीतल्या बाईंनी एक दिवा उचलून विचारलं, हे काय? तो म्हणाला, “दिवा लागू नये म्हणून.” त्यांनी मान डोलावली आणि पुढे पाठवलं.

चुकून लागलेल्या दिव्याची काळजी घेण्याची आपल्याकडे एक छान रीत होती. दिवसा मोटरसायकलचा दिवा चालू राहिला की समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करून मूठ उघडझाप करायचा. आपण खाली पाहायचं, बटण बंद करायचं आणि हात दाखवायचा. काही शब्द नाहीत, ओळख नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे दिवे इंजिन सुरू होताच आपोआप लागतात, बंद करायचं बटणच नाही. त्यानंतर ती मूठ हळूहळू रस्त्यावरून नाहीशी झाली. तरुण पोरांना तिचा अर्थही कळत नाही. पण दिवसाही दिवा हवा, हे सरकारचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात २००४-०५ साली सुमारे चार हजार सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांच्या सायकलींवर चुंबकानं चालणारे दिवे बसवले. ते चाक फिरतंय तोवर दिवसरात्र लुकलुकतात, त्यांना बटण नाही. त्या गटात इजा होणाऱ्या अपघातांचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी निघालं. चुकून लागण्याचा प्रश्न त्यांनी असा सोडवला, की दिवा बंदच होऊ द्यायचा नाही.

हे वाचल्यापासून मी दिवसाही मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवतो. बॅगेत टाकण्याचा प्रसंगच कमी येतो.

गेल्या आठवड्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो होतो. दुपारचे बारा, ऊन चांगलंच. शेजारी एक आजोबा जुन्या स्कूटरवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं, आणि हात वर करून मूठ उघडझाप केली. कित्येक वर्षांनी ती मूठ दिसली. मी म्हणालो, “हो काका, मुद्दाम लावलाय.”

“मुद्दाम?” त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्या दिव्याकडे. सिग्नल हिरवा झाला. निघता निघता म्हणाले, “सेल जाईल की हो.”